फर्मा उलटायचा राहिला

दादाचा फोन मी कापला. शाळेचा परिपाठ नुकताच संपला होता, सातवीच्या मुली रांगेनं वर्गात चालल्या होत्या, आणि स्क्रीनवर 'दादा' असं नाव बघून मला वाटलं, हा पुन्हा त्या गेटच्या पल्ल्याचंच काहीतरी कारण सांगणार. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून उचलला आणि तो काही बोलायच्या आत विचारलं, 'काय रे, झाला का पल्ला?' पलीकडे वहिनी होत्या. दादाचा फोन त्यांच्या हातात होता. 'ताई, ह्ये गेले,' एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, 'कुठं गेला?'... माणूस इतका मठ्ठ कसा असतो कोण जाणे. पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवते, आणि तीन शब्दांचं वाक्य कळायला मला ते दोनदा ऐकावं लागलं. सकाळी चहा घेऊन तो वर्कशॉपवर गेला, शटर अर्धं वर केलं आणि तिथंच खाली बसला. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा होता.

सुदाम त्याचं नाव. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तळेगाव ढमढेऱ्यात, न्हावऱ्याच्या रस्त्याला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी जिने, असलं काम. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. केंदूरला जा, वढूला जा, रस्त्याकडेला नवे बंगले दिसतात, त्यांतली कितीतरी गेटं त्याच्या हातची. मी एसटीनं जाताना ओळखायची. दोन्ही पल्ले मिटलेले असले की मधल्या फटीवर बोट ठेवावं आणि डावी-उजवी बाजू ताडून बघावी, नक्षीचं एक पान इकडचं तिकडं नसायचं. गेट मधोमध दुमडलं तर एक पल्ला दुसऱ्यावर बरोबर झाकणासारखा बसेल, असं त्याचं काम. आणि अशा माणसानं सख्ख्या बहिणीच्या दाराला लावलेलं गेट तेवढं जुळत नाही. दीड महिना झाला त्याला जाऊन. पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितल्यापासून मी लिहायला बसते आणि दर वेळी त्या गेटपाशी येऊन अडते. मला दुसरं काही नको, एवढंच कळायला हवंय की ते गेट त्याच्या हातून चुकलं, का त्यानं मुद्दाम तसं केलं. कारण त्यावरून मी त्याला चार लोकांत बोलले आहे, आणि नेमकं कशाबद्दल बोलले तेच मला आता कळेनासं झालंय.

सुरुवातीपासून सांगते. मी सातवीत होते. परीक्षेत प्रश्न आला होता, पुढील आकृत्यांचे सममिती अक्ष काढा. चौरसाला मी चार काढले, ते बरोबर आले. मग आयताला पण चारच काढले, उभा, आडवा आणि दोन कर्ण. गुरुजींनी दोन्ही कर्णांवर लाल शाईनं काट मारली होती. माझ्या नाकावर तेव्हापासूनच राग. घरी आले ती वही दादापुढं आपटली. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, नववीत दोनदा नापास होऊन शिरूरला एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलेला. बहिणीच्या शिक्षणासाठी भावानं शाळा सोडली वगैरे काही नाही, त्याला शाळा आवडत नव्हती आणि शाळेलाही तो फार आवडत नव्हता. मी म्हटलं, 'दोन्ही तुकडं सारखंच हायेत ना? मोजून बघ. मग काट का मारली?' त्यानं वही नीट बघितली. म्हणाला, 'सारखं हायेत.' 'मग?' 'मग घडी घाल की.'

भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्यानं माझ्यापुढं टाकलं. मी कर्णावर घडी घातली. कोपऱ्यावर कोपरा येईना, एका बाजूनं एक कान बाहेर आला आणि दुसऱ्या बाजूचा उघडाच राहिला. उलटून घातली, दाबून घातली, शेवटी पान चुरगाळून फेकलं. दादा हसला नाही, हे मला चांगलं आठवतंय, कारण एरवी तो हसायची संधी सोडायचा नाही. म्हणाला, 'नले, सारखं असणं येगळं आन् एकावर एक बसणं येगळं. आमच्याकडं रोज ह्येच रडगाणं असतंय.' मग त्यानं मला फर्म्याची गोष्ट सांगितली. गेटाच्या नक्षीचा एकच फर्मा असतो, पुठ्ठ्याचा नाहीतर पत्र्याचा. तो पत्र्यावर ठेवून खडूनं रेघ मारायची, की डाव्या पल्ल्याचं पान झालं. उजव्या पल्ल्यासाठी तोच फर्मा उलटा करून ठेवायचा. उलटायचा राहिला की दोन्ही पानं एकाच हाताची होतात. मापाला सारखी, वजनाला सारखी, पण समोरासमोर उभी केली की एकमेकांकडं बघायच्या ऐवजी दोघं एकाच दिशेला बघत राहतात. अशी चोवीस पानं दादानं पहिल्याच महिन्यात कापली होती, चोवीसच्या चोवीस डावीच. मिस्त्रीनं ती तारेत ओवून त्याच्या गळ्यात घातली आणि तशीच माळ घालून भर बाजारातून चहा आणायला पाठवलं.

त्या दिवसापासून त्याला एक सवयच लागली. खडूची रेघ मारून झाली की फर्मा उचलायचा, पालथा करून पत्र्यावर थाप मारायची आणि तोंडानं पुटपुटायचं, 'सुलट... उलट.' पुढं त्याचं स्वतःचं वर्कशॉप झालं, हाताखाली माणसं आली, तरी ते पुटपुटणं सुटलं नाही. वहिनी म्हणायच्या, चादरीची घडी घालतानाही ह्यांचं सुलट-उलट चालू असतं. चाळीस वर्षांत त्याचा फर्मा उलटायचा राहिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी डी.एड. झाले, दौंड तालुक्यात नोकरीला लागले, आणि दर वर्षी सममितीचा धडा आला की कॅलेंडरचं पान घेऊन वर्गात जायची. मुलं कर्णावर घडी घालायची, कान बाहेर आले की चक्रावायची. दिवाळीनंतर हा धडा आला तर मी डब्यातून शंकरपाळी न्यायची, कारण नीट कापलेल्या शंकरपाळ्याच्या चारी बाजू सारख्या असतात आणि त्याची कर्णावरची घडी बसते. मुलांना वाटायचं, बाई काय एकेक युक्त्या काढतात. ही युक्ती नववी नापास माणसाची आहे असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं माझं?

आता त्याचा दुसरा गुणही सांगायला हवा, नाहीतर माझा घोळ तुम्हाला कळायचा नाही. दादा चूक कबूल करायचा नाही. पडलो तरी नाक वर. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यानं कमळाची जाळी बसवली ती उलटी बसली. कमळ खाली लोंबतंय, देठ वर. वहिनींनी दाखवल्यावर कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, 'असंच पाहिजे होतं. देवाला फूल वाहताना कसं वाहतेस, खाली तोंड करूनच ना?' ती जाळी अजून तशीच आहे. शर्ट उलटा घालून लग्नाला आला तरी 'असंच पाहिजे होतं.' चुकून दुसऱ्याच एसटीत बसून न्हावऱ्याऐवजी शिक्रापूरला उतरला तरी 'असंच पाहिजे होतं, तिकडं एक काम होतं.' आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. त्याचं खरं कुठलं आणि सावरून नेलेलं कुठलं, हे ओळखणं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. त्या वेळी तशी गरज पडली नव्हती.

आमचे हे रेल्वेत होते, त्यामुळं दौंडला उभं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. हे रिटायर झाल्यावर आम्ही घर बांधलं. दादानं पाया भरतानाच सांगून टाकलं, 'गेट माझ्याकडनं. आन् डिझाईन इचारायचं न्हाई.' मी विचारलं नाही. गेट वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी यायचं होतं, तर टेम्पो वाटेत बंद पडला, म्हणून ते बसलं वास्तुशांतीच्या दिवशी सकाळीच, मी होमाला बसलेली असताना. आतून मला ठोकाठोकीचा आवाज येत होता आणि धुरानं डोळ्यांतून पाणी. दुपारी पंगत बसायच्या आधी मी बाहेर आले, तेव्हा फाटकापाशी पाच-सात बायका उभ्या होत्या आणि माझी नणंद मान वाकडी करून गेटकडं बघत होती. 'अगं, हे एका बाजूला कललंय का?' ती म्हणाली. मी बघितलं. दोन्ही पल्ल्यांच्या मधोमध पत्र्याचा एकेक मोठा तिरपा चौकोन होता, पुस्तकात समांतरभुज म्हणतात तो. किनार सुंदर ठोकून काढलेली, रंग मोरपंखी. आणि दोन्ही चौकोन एकाच बाजूला, उजवीकडं झुकलेले. डाव्या पल्ल्यातला उजवीकडं झुकला तर उजव्यातला डावीकडं झुकायला हवा, म्हणजे मध्यावर कळसासारखा आकार होतो. हे माझ्या सातवीच्या मुलींनीही सांगितलं असतं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे. दिवसभराची दगदग होती, पोटात अन्न नव्हतं, नणंद म्हणजे सासरचं माणूस... ही कारणं मी आता जुळवते आहे. त्या वेळी मी मोठ्यानं म्हणाले, 'अख्ख्या शिरूर तालुक्याची गेटं जुळवलीस, आणि बहिणीच्या दाराला तेवढा फर्मा उलटायचा राहिला? माळ घालू का गळ्यात?' बायका हसल्या. माळेचं कुणाला कळलं नसणार, पण दादाला कळलं. तो हातातला पाना पुसत उभा होता. त्यानं गेटकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मान थोडी तिरपी करून. मग माझ्याकडं वळून विचारलं, 'राहिला व्हय गं?'

हेच ते. 'राहिला व्हय गं?' तो 'असंच पाहिजे होतं' म्हणाला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. 'चुकलं' म्हणाला असता तर, काय सांगू, आभाळच कोसळलं असतं, पण कळलं तरी असतं. त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, 'मग काय, दिसत नाही का तुला?' त्यावर तो 'बदलून देतो पल्ला' एवढं बोलला, जेवला, जिलबी वाढायला आलेल्यांना पानावर हात आडवा धरून नको म्हणाला, आणि उन्हं उतरायच्या आत टेम्पोत बसून गेला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमचं फोनवर दोनदा बोलणं झालं. दोन्ही वेळा मी आधी पल्ल्याचं विचारलं. एकदा म्हणाला, 'आणतो,' आणि दुसऱ्यांदा, 'झालाय जवळजवळ.' तब्येत कशी आहे हे मी विचारलं नाही. त्यानं मात्र माझ्या गुडघ्याचं विचारलं होतं.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, 'ताई, वर्कशॉपवर एकदा जाऊन या. तुमचं काहीतरी हाय तिथं.' गेले. शटर लल्लनभाईंनी उघडलं. हे दादाकडं बारा-तेरा वर्षं असलेले वेल्डर, गोरखपूरकडचे, पन्नाशीचे, मराठी आणि हिंदी एकाच घासात खाणारे. आत भिंतीला टेकून एक पल्ला उभा होता. लाल प्रायमर मारलेला, वरचा रंग अजून नव्हता. त्यातला तिरपा चौकोन डावीकडं झुकलेला. कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं, 'नली, दौंड.' म्हणजे त्यानं केला होता. जवळजवळ झालाय म्हणाला तेव्हा खरंच जवळजवळ झाला होता. मी तिथं एका स्टुलावर बसले आणि रडले. बाराव्याला, तेराव्याला जेवढं रडले नव्हते तेवढं तिथं रडले. म्हटलं, म्हणजे चूकच होती. त्याची चूक होती, ती त्यानं मुकाट दुरुस्त केली, आणि मी त्याला त्याच्या सोळाव्या वर्षीची माळ पुन्हा गळ्यात घातली.

वहिनी माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, 'डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला हुता त्यांच्या. शिरूरच्या डॉक्टरांनी आपरेशन सांगितलं हुतं. म्हणायचे, धूर धूर दिसतंय, पर कुणाला सांगू नकोस, गिऱ्हाईक तुटंल. तुमच्या गेटाच्या येळंलाच लई वाढलं हुतं.' मला त्यानं सांगितलं नव्हतं. मी 'दिसत नाही का तुला' असं विचारलं होतं, आणि त्याला खरंच दिसत नव्हतं. तेवढ्यात लल्लनभाई चहाचे कप घेऊन आले आणि म्हणाले, 'नाही भाभी, वो गलती नहीं थी. कटिंग के टाइम मीच बोललो, उस्ताद, दुसरा पलटी करायचा राहिला. वो बोले, रहने दे, असंच पाहिजे.' मी ताडकन वर बघितलं. 'नक्की असं म्हणाला?' 'कसम से, ताई. हँसके बोले.' मला वाटलं, सुटले. मुद्दाम केलं होतं. का केलं ते नंतर बघू, पण चूक नव्हती. आणि मग वहिनी डोळे पुसता पुसता म्हणाल्या, 'लल्लनभाई, चूक झाल्यावर ते दुसरं काय म्हणायचे का कधी?' लल्लनभाईंनी चहाचे कप खाली ठेवले. 'वो भी है,' म्हणाले. आम्ही तिघंही हसलो आणि हसता हसता पुन्हा रडलो.

भिंतीवर खिळ्यांना फर्मे टांगलेले होते. मोर, पानं, स्वस्तिक, अर्धं कमळ, अर्धा सूर्य. सगळे अर्धे, कारण दुसरं अर्धं उलटून मिळतं. प्रत्येकाला वरच्या कोपऱ्यात टांगायचं भोक. माझ्या गेटचा फर्मा लल्लनभाईंनी काढून दिला, साध्या पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन. त्यालाही कोपऱ्यात भोक होतं, पण आणखी एक भोक बरोबर मध्यात होतं, पेन्सिलीनं मारलेले दोन कर्ण जिथं एकमेकांना छेदतात तिथं. ते बघितलं आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा आमचा पाट दिसला. इतकी वर्षं मी ते साफ विसरले होते. आयताचं भांडण मिटलं त्याच संध्याकाळी मी दादाला दुसरी लाल काट दाखवली होती, समांतरभुजावरची. तिथंही मी कर्णच काढले होते. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून तसला चौकोन कापून आम्ही घड्या घालून बघितल्या. उभी बसेना, आडवी बसेना, तिरपी बसेना. मी जेवून झोपले. दादा दोन दिवस ती पत्रिका खिशात घेऊन फिरला. कामावरून आला की बाहेर काढून दुमडायचा. पुठ्ठा फडक्यासारखा मऊ झाला. 'ह्येच्यात कायतरी हाय,' म्हणायचा. 'दिसतंय तर सारखं, मग बसत का न्हाई?'

तिसऱ्या दिवशी त्यानं नवा चौकोन कापला, पाटावर ठेवून त्याच्या कडेनं खडू फिरवला आणि बरोबर मध्यात खिळा ठोकला. मग एका बोटानं तो चौकोन फिरवला. अर्धा फेरा झाला, वरचा कोपरा खाली आणि खालचा वर गेला, आणि चौकोन खडूच्या रेघेत चपखल बसला. 'बघ नले,' तो म्हणाला, 'घडीत न्हाई बसत, पर फिरवला की बसतंय.' त्यानं आईला हाक मारली, पुन्हा फिरवून दाखवलं, पुन्हा बसलं. नववी नापास झालेल्या त्या पोराचा चेहरा असा फुलला होता की बस्स. आईनं पाटाला भोक पाडलं म्हणून दोन रट्टे दिले. आणि मी, हुशार मुलगी, काय म्हणाले? 'हे परीक्षेला येत नसतं.' त्यानं पक्कडीनं खिळा उपटला आणि पाट जागेवर ठेवला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

फर्मा हातात घेऊन मी लल्लनभाईंना विचारलं, 'हे मधलं भोक कशाला?' मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. ते म्हणाले, 'बीच में पितळेचं फूल लावायचं होतं ना, बोल्टवालं. फिर नहीं लगाया.' 'का नाही लावलं?' 'मालूम नहीं, ताई.' दादाच्या घरी परत आल्यावर वहिनींना विचारलं, तो जुना पाट कुठं आहे, खिळ्याचं भोक असलेला. म्हणाल्या, 'तो व्हय? त्याला वाळवी लागली हुती. बंबात गेला कवाच.' म्हणजे तोही पुरावा गेला. भोक होतं हे आता फक्त मला माहीत, आणि माझ्या आठवणीवर मी किती भरवसा ठेवायचा? चाळीस वर्षं जी आली नाही ती नेमकी गरज पडल्यावरच आली.

आमच्या ह्यांचं म्हणणं सरळ आहे. 'नवा पल्ला त्यानं केला ना? म्हणजे चूक होती. मुद्दाम केलं असतं तर बदलायला कशाला घेतलं असतं?' मी म्हटलं, 'मी चार लोकांत बोलले म्हणून घेतलं असलं तर?' त्यावर ह्यांनी पेपर उघडला. मी रात्रंदिवस हेच घोकते आहे. डोळ्याला धूर दिसत होता म्हणून चुकलं असेल, तर मी एका आजारी माणसाला हसले. तो पाटावरचा चौकोन आठवून त्यानं माझ्या दाराला लावला असेल, घडीत न बसणारा पण फिरवला की बसणारा, तर मी दुसऱ्यांदा तेच केलं जे सातवीत केलं होतं. आणि मग 'राहिला व्हय गं?' म्हणजे काय होतं? तो मला आठवण करून देत होता? का त्याला स्वतःलाच शंका आली होती आणि तो गणिताच्या बाईंना विचारत होता? दोन्ही गोष्टी तोलून बघितल्या तर सारख्या भरतात. एकीवर दुसरी ठेवायला गेले की बसत नाहीत.

शाळेत यंदा सममितीचा धडा आला तेव्हा मी नेहमीचं कॅलेंडरचं पान नेलं, आणि सांगितलं की ही युक्ती माझ्या भावाची आहे, तो गेटं करायचा. मग समांतरभुज चौकोन कापला, फळ्यावर टेकवून कडेनं खडू फिरवला, मध्यात टाचणी टोचली आणि फिरवून दाखवला. बसला. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, 'बाई, हे परीक्षेला येतं का?' 'नाही येत,' मी म्हणाले. 'तरी करा.'

मागच्या आठवड्यात लल्लनभाई नवा पल्ला टेम्पोत घालून घेऊन आले. रंग मारून, अगदी तोच मोरपंखी. जुना उजवा पल्ला बिजागरीतून उचलून भिंतीला लावला आणि नवा अडकवला. मी रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिले. दोन्ही चौकोन मध्याकडं झुकले होते, वर कळस झाला होता, फट अगदी सरळ. मधोमध दुमडलं तर एकावर एक बसलं असतं. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, 'आता कसं छान दिसतंय.' खरंच छान दिसत होतं. तळेगावपासून केंदूरपर्यंत कुठल्याही बंगल्याला असतं तसं. लल्लनभाई बिजागरीत तेल सोडत होते. मी रस्ता ओलांडून आले आणि म्हटलं, 'काढा.' त्यांनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. लल्लनभाईंनी नवा पल्ला उतरवला, जुना परत चढवला, कडी लावून बघितली. लागली. ती कधी अडली नव्हतीच. नवा पल्ला मी मागच्या अंगणात पेरूच्या झाडाजवळ ठेवून दिला, खडूनं लिहिलेलं नाव रंगाखाली गेलंय, पण कुठं होतं ते मला माहीत आहे.

येणारे-जाणारे अजून विचारतात. काल मीटर बघायला आलेला माणूस गेटपाशी थबकला, मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाला, 'मॅडम, एक पल्ला उलटा बसलाय काय तुमचा?' मी कमरेवर हात ठेवले.

'नाही,' म्हटलं. 'असंच पाहिजे होतं.'